‘असेच आणखी काही’

दौंड जंक्शनच्या फलाटावर सकाळच्या पुणे गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या तरुणांच्या कानांत हल्ली बहुधा काही ना काही वाजत असते. गाडी पाटस, केडगाव, यवत, उरुळी करीत पुण्यास पोहोचेपर्यंत दीडएक तास जातो; तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा. समजा, त्यांपैकी एकाला ‘इंडियन ओशन’ ह्या दिल्लीच्या बँडचे वेड लागले आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या ह्या बँडचा ‘कंदीसा’ हा संग्रह २००० साली आला, म्हणजे बहुधा ह्या मुलाच्या जन्माच्या आधी. त्याने तो कोणा मावसभावाच्या फोनवर प्रथम ऐकला आणि नंतर इतक्या वेळा ऐकला की, पुढचा ठोका कोठे पडणार हे त्याला वाटेतल्या स्थानकांच्या क्रमाइतके पाठ झाले. आता त्याला एक साधा प्रश्न पडला आहे : असेच आणखी काही आहे का?

शिरूरला राहून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या आणि चौघांत एक खोली घेतलेल्या पदविकाधारकालाही हाच प्रश्न पडतो. फरक एवढाच की, त्याचा आवडता बँड ‘द लोकल ट्रेन’ असतो, किंवा खोलीतल्या केरळी सोबत्यामुळे ‘अवियल’ असतो, किंवा थेट इंग्लंडचा ‘रेडिओहेड’. घरातल्या वडीलधाऱ्यांना ह्या प्रश्नात विचार करण्याजोगे काही दिसत नाही. गाण्यांना काय तोटा आहे? खिशातल्या यंत्रात कोट्यवधी गाणी आहेत. एक संपले की दुसरे लावावे. परंतु कोट्यवधी गाणी उपलब्ध असणे आणि आपल्याला हवे असलेले पुढचे गाणे सापडणे, ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा संबंध पुरवठ्याशी आहे, दुसरीचा माहितीशी. आणि माहितीचा बाजार हा धान्याच्या बाजाराइतका सरळ कधीच नसतो.

घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकविताना आंब्याचे किंवा चहाच्या पेल्याचे उदाहरण देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पहिला आंबा गोड, चौथा नकोसा. हा नियम मांडतानाच अल्फ्रेड मार्शल यांनी त्याला एक दिसायला अपवाद नोंदवून ठेवला आहे, तो संगीताचा : चांगले संगीत माणूस जितके अधिक ऐकेल तितकी त्याची त्याविषयीची ओढ वाढण्याचा संभव अधिक. मार्शल यांनी ह्याचे स्पष्टीकरण असे केले की, ऐकता ऐकता माणूसच बदलतो. तेव्हा तुलना एकाच माणसाच्या दोन क्षणांची राहत नाही. पुढे १९७७ मध्ये जॉर्ज स्टिगलर आणि गॅरी बेकर यांनी हाच धागा वेगळ्या रीतीने पुढे नेला. आवड बदलत नाही, तर श्रवणाचे एक भांडवल साठत जाते, आणि त्या भांडवलामुळे पुढच्या श्रवणातून मिळणारा आनंद वाढतो, असे त्यांचे म्हणणे. दोहोंपैकी कोणतेही मत ग्राह्य धरले, तरी निष्कर्ष एकच निघतो. ‘असेच आणखी काही’ मागणारा मुलगा चैन मागत नसून त्याच्या ठायी जे थोडेसे साठले आहे ते वाढविण्याची वाट मागत आहे. ती वाट न सापडल्यास एक बँड ऐकून ऐकून शिळा होतो आणि मुलगा पुन्हा लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांकडे वळतो. असे कित्येकांचे होते, आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

अडचण मुळात वस्तूच्या स्वरूपातच आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग पाडले : ज्यांचा गुण खरेदीपूर्वी तपासता येतो अशा, आणि ज्यांचा गुण वापरल्यावरच कळतो अशा. कापडाचा पोत दुकानात बोटांनी चाचपून पाहता येतो. गाण्याचे तसे नाही. ते ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि पुष्कळदा एकदा ऐकूनही कळत नाही. म्हणजे चाखण्याचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो. तो श्रोत्याने सोसायचा, कलावंताने सोसायचा की मधल्या कोणी, ह्या प्रश्नाच्या उत्तरावर त्या त्या काळच्या संगीताची घडण ठरत आली आहे.

ह्या प्रश्नाचे एक जुने आणि अतिशय व्यवहारी उत्तर शिरूर-दौंडच्या वाटेवरच सापडते. पुणे-सोलापूर महामार्गावरील चौफुला हे दौंड तालुक्यातले ठिकाण. शिरूरकडून न्हावऱ्यावरून येणारा रस्ता येथेच महामार्गाला मिळतो. येथील कलाकेंद्रे संगीत बारीसाठी महाराष्ट्रभर परिचित आहेत. ‘बारी’ म्हणजे पाळी. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या उतरलेल्या असतात. प्रत्येकीला रंगमंचावर आपली पाळी मिळते, तेवढ्या वेळात तिने आपली लावणी, आपली अदा, आपल्या पेटी-तबल्याचा रंग दाखवावयाचा. आणि मग जिची कला मनास आली तिची बैठक रसिकाने स्वतंत्रपणे मागावयाची. म्हणजे एका पार्टीच्या नावाने तिकीट काढून आलेला माणूस तीन अनोळखी पार्ट्याही ऐकून बाहेर पडतो. चाखण्याचा खर्च येथे कलावंत उचलतो, आणि थिएटरचा मालक तो खर्च सर्वांत वाटून देतो. ह्या व्यवस्थेत त्या स्त्रियांच्या वाट्यास आलेली हलाखी आणि मानहानी विसरून तिचे गोडवे गाणे हा ढोंगीपणा होईल. पण नव्या कलावंताला ओळखीच्या कलावंताच्या शेजारी उभे करण्याची इतकी नेमकी युक्ती नंतरच्या कोणत्याही यंत्राला सुचलेली नाही, हेही मान्य करावयास हवे.

दुसरे उत्तर वर्षातून एकदा ह्याच रस्त्याने चालत येते. तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून यवतला आणि यवतहून वरवंडला मुक्काम करते. यवतकरांच्या पिठले-भाकरीचे कौतुक वर्तमानपत्रांतून दरवर्षी होते. दिंड्यांच्या चालींचे फारसे होत नाही. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांतून एकच अभंग निरनिराळ्या चालींत म्हटला जातो. मुक्कामाच्या गावचा माणूस रात्री एका दिंडीतून उठून दुसरीत जाऊन बसतो, आणि गावच्या भजनी मंडळात पुढच्या एकादशीला एखादी परकी चाल ऐकू येऊ लागते. येथे तर चाखण्याचा खर्चच कोणी मोजत नाही.

तिसरे उत्तर आकाशवाणीचे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून सरकारने ही चूक सुधारली. अभिरुची वरून लादण्याचा तो प्रयोग फसला, असे सरधोपटपणे म्हटले जाते. तथापि त्याच आकाशवाणीने शास्त्रीय संगीत ऐकण्याचा कान खेड्यापाड्यांत तयार केला, ही दुसरी बाजूही आहे. मराठी घरांत मात्र अधिक जिव्हाळ्याचा कार्यक्रम होता ‘आपली आवड’. एका गीताच्या मागे श्रोत्यांची आणि त्यांच्या गावांची नावे वाचली जात. त्या यादीत आपल्या आवडीच्या गाण्यासाठी कोण कोण पत्र लिहितो हे कळे, आणि त्याच व्यक्तीने दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या गाण्याची मागणी केली, तर ते गाणेही कान देऊन ऐकावेसे वाटे. अमुक गाणे आवडणाऱ्यांना तमुकही आवडते, एवढीच ती माहिती. आज संगणक नेमकी हीच माहिती गोळा करतो, फक्त नावे वाचून दाखवीत नाही.

कॅसेट आली तेव्हा चौथा मध्यस्थ जन्मास आला. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन गेले की गाणी भरून देणारी दुकाने तालुक्याच्या गावोगावी निघाली. हा व्यवहार स्वामित्वहक्काच्या कायद्यात बसणारा नव्हता. परंतु यादीतली गाणी भरूनही फितीवर पाच-सात मिनिटे उरत, आणि तेथे दुकानदार स्वतःच्या पसंतीचे एखादे गाणे टाकून देई. त्या उरलेल्या पाच मिनिटांनी किती जणांना नवे गायक भेटविले, ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कॅसेटमुळे ध्वनिमुद्रणाचा खर्च कोसळला, मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज घरोघर गेला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कॅसेट कल्चर’ ह्या ग्रंथात उत्तर भारतातील ह्या स्थित्यंतराचा विस्ताराने अभ्यास केला आहे.

रॉक संगीत ह्या सर्व वाटांना बरीच वर्षे समांतर राहिले. मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ उभा राहिला (पुढे त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले). १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. ह्या संगीताचे ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक अमित सैगल यांनी १९९३ मध्ये काढले, ते मात्र मुंबई-दिल्लीतून नव्हे, अलाहाबादहून. महानगरातल्या रसिकाला मित्र असतात, दुकाने असतात. ज्याला काही नसते त्यालाच नियतकालिकाची गरज भासते, हे लक्षात घेतले म्हणजे अलाहाबादचे आश्चर्य वाटत नाही. पुण्यात ‘अग्नी’ हा बँड पुढे आला, त्याचा पहिला संग्रह २००७ चा. आणि डिसेंबर २०१० मध्ये कोरेगाव पार्कात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा महोत्सव प्रथम भरला. अनेक रंगमंच, एकाच वेळी अनेक बँड, श्रोत्याने एका मंचाकडून दुसऱ्याकडे चालत जावे अशी रचना. चौफुल्याची पद्धत इंग्रजी नावाने कोरेगाव पार्कात आली म्हणावयाची!

परंतु कोरेगाव पार्क आणि शिरूर ह्यांच्यातील अंतर केवळ सत्तरएक किलोमीटरांचे नाही. रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद झाल्यावर वाघोलीची कोंडी पार करून शिरूरला पोहोचावयाचे, सकाळची पाळी गाठावयाची, आणि ह्या सर्वांसाठी जे तिकीट काढावयाचे त्याची किंमत कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी. दौंडच्या मुलाला गाडी आहे म्हणावे तर ती गाडी परतीची वेळ पाहून कार्यक्रम अर्धवट सोडावयास लावते. चाखण्याचा खर्च म्हणतात तो हा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि माहितीवहनाचे दर एकदम कोसळले. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले. शिरूर-दौंडच्या श्रोत्याच्या दृष्टीने ह्या दोन घटनांचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. त्याला प्रथमच पुण्या-मुंबईच्या, किंबहुना लंडनच्या श्रोत्याइतकाच पुरवठा खुला झाला. शिवाय ‘असेच आणखी काही’ ह्या प्रश्नाचे उत्तर देणारे यंत्रही त्याच्या हाती आले.

हे यंत्र कसे चालते? १९९४-९५ च्या सुमारास अमेरिकेत मॅसेच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत उपेंद्र शारदानंद आणि पॅटी मेस यांनी ‘रिंगो’ नावाची एक योजना तयार केली. लोकांनी आपल्या आवडत्या कलावंतांना गुण द्यावयाचे, संगणकाने एकसारखे गुण देणारी माणसे शोधावयाची, आणि एकाला जे आवडले पण दुसऱ्याने ऐकलेले नाही ते दुसऱ्यास सुचवावयाचे. तोंडोतोंडी होणाऱ्या शिफारशीचे हे यांत्रिकीकरण होते. त्यानंतर गुण द्यावयाचीही गरज उरली नाही; माणूस काय ऐकतो, कोणते गाणे अर्ध्यावर सोडतो, कोणते परत लावतो, ह्यावरूनच अंदाज बांधता येऊ लागले. स्पॉटिफायने जुलै २०१५ पासून दर सोमवारी प्रत्येक श्रोत्यास तीस गाण्यांची स्वतंत्र यादी देण्यास प्रारंभ केला. ‘पँडोरा’ ह्या कंपनीने २००० पासून दुसरा मार्ग धरला होता : प्रशिक्षित संगीतकारांनी प्रत्येक गाणे ऐकून लय, स्वर, वाद्ये, आवाजाची जात अशा शेकडो गुणांची नोंद करावयाची. तो मार्ग कष्टाचा आणि खर्चाचा, म्हणून मागे पडला. स्वस्त मार्ग पुढे गेला.

स्वस्त मार्गातील खोच अशी की, ज्याला अद्याप कोणी ऐकलेले नाही त्याविषयी यंत्राजवळ सांगण्यासारखे फार थोडे असते, आणि ज्याला पुष्कळांनी ऐकले आहे त्याविषयी पुष्कळ असते. दौंडच्या मुलाला ‘इंडियन ओशन’ आवडतो, तर तो आवडणाऱ्या इतर बहुसंख्य लोकांना काय आवडते ते यंत्र पाहणार. ते बहुसंख्य लोक कोठले? साहजिकच दिल्ली-बंगळूर-मुंबईचे. त्यांच्या शेजाऱ्याच्या यादीत जे असेल ते ह्याच्याही यादीत येणार. ही यादी वाईट असते असे नाही. ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’, ‘स्वरात्मा’ ही नावे त्या वाटेने मिळाली तर आनंदच आहे. पण एखादा जाणता माणूस हाच प्रश्न ऐकून काय म्हणाला असता, ते पाहण्यासारखे आहे. तो म्हणाला असता : ‘कंदीसा’ हे शीर्षकगीत केरळातील सुरियानी ख्रिस्ती परंपरेच्या प्रार्थनेवर आधारलेले आहे, आणि त्याच संग्रहातील ‘मा रेवा’ नर्मदाकाठच्या लोकगीतातून आले आहे, म्हणजे तुला जे आवडते आहे ते गिटार नसून गिटारीखालची ती जुनी चाल असावी. तसे असेल तर ‘अग्नी’चे ‘साधो रे’ ऐक, तेथून कबीर, कबीर म्हटल्यावर देवासच्या कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने, आणि अभंगांना रॉकची साथ देणारा मुंबईचा ‘अभंग रीपोस्ट’. आणि तेवढे झाल्यावर, बाबा रे, तुझी गाडी रोज ज्या यवतवरून जाते तेथे आषाढीपूर्वी एक रात्र मुक्काम कर.

हा ‘म्हणजे’ यंत्राजवळ नाही. यंत्र दोन गाण्यांना जोडणारा दुवा देते, त्या दुव्याचे कारण देत नाही. आणि कारण कळल्यावाचून श्रवणाचे भांडवल साठत नाही, नुसती यादी लांबते.

लोकप्रियतेविषयी एक प्रसिद्ध प्रयोग येथे सांगितला पाहिजे, कारण त्यातली गाणी ह्याच जातीची, अप्रसिद्ध बँडांची होती. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. ४८ गाणी आणि १४,३४१ श्रोते. काही श्रोत्यांना गाणी कोणाच्याही मताशिवाय ऐकविली. उरलेल्यांना आठ स्वतंत्र गटांत वाटले, आणि प्रत्येक गटात आधीच्या श्रोत्यांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले ते दाखविले. गाणी तीच, तरी निरनिराळ्या गटांत निरनिराळी गाणी शिखरावर गेली. अगदी उत्तम गाणे सहसा तळाला गेले नाही आणि अगदी सुमार गाणे सहसा वर आले नाही. मधल्या सर्वांचे भवितव्य मात्र सुरुवातीच्या थोड्या श्रोत्यांच्या पावलांवर ठरले. शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये दाखविले होते की, ध्वनिमुद्रणासारख्या तंत्रामुळे एकाच कलावंताला अमर्याद श्रोते मिळू शकतात, आणि त्यामुळे गुणांतील थोड्या फरकाचे उत्पन्नातील प्रचंड फरकात रूपांतर होते. सॅल्गॅनिक यांचा प्रयोग त्यात भर घालून सांगतो की, तो थोडा फरकही पुष्कळदा योगायोगाचा असतो. शिरूरच्या चार मुलांनी बसविलेल्या मराठी गाण्याला पहिले पाचशे श्रोते कोठून मिळतात, हा प्रश्न म्हणूनच भाबडा नाही.

आता पैशाचा भाग. सर्व वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एका राशीत टाकून एकूण श्रवणांच्या प्रमाणात वाटण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे दौंडच्या मुलाने महिनाभर फक्त ‘इंडियन ओशन’ ऐकला तरी त्याच्या वर्गणीचा मोठा भाग तो कधीच न ऐकणाऱ्या कलावंतांकडे जातो. २०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळणार नाही. अशा गाण्यांचे पैसे इतके किरकोळ असतात की ते कलावंतापर्यंत पोहोचतही नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. आणि रक्कम किरकोळ असते हे खरेच आहे. त्याहून गंभीर बाब नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या योजनेची आहे. तिच्यात कलावंताने किंवा कंपनीने कमी दराचा मोबदला पत्करला, तर त्याचे गाणे यंत्राच्या शिफारशींत पुढे येण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत १९५९-६० मध्ये रेडिओ निवेदकांना पैसे चारून गाणी वाजवून घेण्याचे प्रकरण गाजले, ॲलन फ्रीडसारख्या नावाजलेल्या निवेदकाची कारकीर्द त्यात संपली. हा व्यवहार उघड आहे आणि त्यात लाच नाही, हा फरक मोठा आहे. पण श्रोत्याच्या बाजूने पाहता, ‘हे तुझ्यासाठी’ असे सांगून समोर आलेले गाणे खरोखर त्याच्यासाठी आले की कोणी सवलत दिली म्हणून आले, हे त्याला गाणे ऐकताना कळत नाही. चौफुल्यास निदान पाळी कोणाची आहे हे सर्वांना ठाऊक असते.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. जुन्या मध्यस्थांची एवढी आठवण काढता, परंतु ते मध्यस्थ कोणाला उपलब्ध होते? रंगभवनात गिटार ऐकणारा वर्ग इंग्रजी शाळांतून आलेला होता. दौंडच्या रेल्वे वसाहतीतील अँग्लो-इंडियन आणि गोवेकर घरांत कदाचित ह्या संगीताच्या तबकड्या असतीलही. भीमेकाठच्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या घरांचे दार ठोठावणे सोपे नव्हते. यंत्र निदान जात विचारीत नाही, इंग्रजी उच्चारांना हसत नाही. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच यंत्र टाकून द्या असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्या मुलाने फोनवर ऐकून ऐकून गिटार शिकली, त्याला फोनची निंदा ऐकविणारे पुष्कळ भेटतात. पुढचे गाणे सुचविणारा एखादाच भेटतो.

परदेशातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. ‘इंडी’ हे नावच मुळी स्वतंत्र ध्वनिमुद्रणावरून पडले. जानेवारी १९७७ मध्ये इंग्लंडातील ‘बझकॉक्स’ ह्या बँडने स्वतःच्या खर्चाने आपली तबकडी काढली, तेव्हापासून त्या वाटेला जोर आला. परंतु अशा बँडांना श्रोते मिळाले ते बीबीसीवरील जॉन पील यांच्यासारख्या निवेदकामुळे. १९६७ पासून २००४ मध्ये निधन होईपर्यंत हा गृहस्थ अनोळखी बँडांच्या तबकड्या सार्वजनिक परवानाशुल्कावर चालणाऱ्या केंद्रावरून लावीत राहिला. अमेरिकेत ‘आर.ई.एम.’ हा बँड अथेन्स नावाच्या महाविद्यालयीन गावातून १९८० मध्ये निघाला. हे गाव अटलांटापासून शंभरएक किलोमीटरांवर; म्हणजे पुण्यापासून शिरूर जितके, त्याहूनही दूर. त्यांना देशभर नेले ते महाविद्यालयांच्या छोट्या रेडिओ केंद्रांनी, जेथे विद्यार्थीच निवेदक असत आणि बाजारात जे चालते ते न लावण्याचा त्यांना अभिमान असे.

आपल्याकडे शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा २००२ च्या धोरणाने मिळाली आणि २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि बारामतीची ‘शारदा कृषी वाहिनी’ ही जवळचीच उदाहरणे. असे केंद्र उभारण्याचा खर्च व परवान्याची यातायात प्रत्येक महाविद्यालयास झेपेल असे नाही. पण त्याआधी करण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी कोणाच्याही परवान्याची गरज नाही. दर हिवाळ्यात महाविद्यालयांतून स्नेहसंमेलने होतात. अलीकडे त्यांतील एक संध्याकाळ भिंतीएवढे ध्वनिक्षेपक भाड्याने आणून, चित्रपटातली तीच पंधरा गाणी लावून साजरी करण्याची चाल पडली आहे. त्याच पैशात पुणे-नगरकडचे तीन अनोळखी बँड येऊ शकतात. प्रत्येकाला वीस मिनिटांची बारी द्यावी. आधी गावातल्या भजनी मंडळाला किंवा चौफुल्याच्या एखाद्या पार्टीला मानाने बोलवावे, म्हणजे सभागृह भरण्याची चिंता नको. आणि जाताना फळ्यावर खडूने लिहून ठेवावे की, आज जे आवडले त्यासारखे आणखी कोठे ऐकावयास मिळेल आणि का. त्या ‘का’साठी महाविद्यालयात मराठीचे, इतिहासाचे, एखादे संगीताची जाण असलेले प्राध्यापक असतातच. संमेलनाच्या अंदाजपत्रकावर सही होण्याआधी विद्यार्थ्यांनी हे प्राचार्यांपुढे ठेवावयास हवे. कारण ध्वनिक्षेपकांचा ठेकेदार दिवाळीनंतर लगेच येऊन आगाऊ रक्कम घेऊन जातो.